पाच टनांचा हिशेब : बार्शी लाइटच्या मागावर

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात बार्शी लाइटचं नाव काढलं की माणसं खुलतात. चालत्या गाडीतून उतरून शेतातला हरभरा उपटायचा आणि मागच्या डब्यात पुन्हा चढायचं. घाटात इंजिन दमलं की उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलायची. ओळखीचा माणूस धावत येताना दिसला की गार्डानं झेंडी खाली ठेवायची. अशा गोष्टी घरोघरी आहेत आणि त्या मायेनं सांगितल्या जातात. पण या गोष्टींच्या आड एक मोठी गोष्ट झाकली गेली. पाश्चात्त्य अभियंत्यांनी ज्या छोट्या रेल्वेकडून धडे घेतले, ती रेल्वे आपल्या दारात उभी होती. तिच्या इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक भागामागे एक पक्का विचार होता. तो विचार कुणाचा, तो लोखंडात कसा उतरला आणि त्याच्या खुणा आज कुठे सापडतात, हे पाहण्यासाठी मी कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, पंढरपूर, मिरज आणि शेवटी नेरळ अशी भटकंती केली.

जुन्या रेल्वेचा शोध रुळांवरून सुरू होत नाही, कागदांवरून सुरू होतो. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे रेल्वेचे जुने व्यवहार सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात शोधावे लागतात. सूचीत नोंद पाहायची, मागणीचा कागद भरायचा आणि बस्ता बाहेर येईपर्यंत थांबायचं. इंजिनांच्या ओढीनं येणाऱ्याला आधी हिरमुसायला होतं, कारण पानांमागून पानं जमिनीची, करारांची आणि खर्चाची निघतात. पण ही पानं टाळून पुढे गेलं तर इंजिन कळतच नाही. ते लहान का, जड का, आठ जोडलेल्या चाकांचं का, याची उत्तरं आधी पैशाच्या कागदांत असतात, कारखान्याच्या नकाशात ती नंतर उतरतात.

या कागदांच्या जोडीला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूरवरचा विसावा खंड घ्यावा. तो १८८४ साली छापला गेला, म्हणजे बार्शीला रेल्वे येण्याआधी. त्यातली बार्शी कापसाची, गळिताच्या धान्याची मोठी पेठ आहे. पलीकडे निजामाचा मुलूख. बालाघाटावरचा माल घाट उतरून इथे यायचा आणि इथून बैलगाड्यांनी रेल्वेकडे जायचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, १८६० साली सोलापूरला पोचली होती. तिचा मार्ग बार्शीपासून सुमारे ३५ किलोमीटर दूरवरून गेला. त्या मार्गावरच्या स्टेशनाला नाव मिळालं ‘बार्शी रोड’. तेच आजचं कुर्डुवाडी.

हे अंतर बुजवण्याचा ध्यास घेतला एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं. १८५७ साली जन्मलेला हा माणूस उमेदवारी करून इंजिनांचं काम शिकला आणि १८८२ साली जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गावर काम करताना त्याला दिसलं की मोठी रेल्वे जिथे संपते तिथून पुढच्या पेठा बैलगाडीवर अडलेल्या आहेत, आणि तिथवर ब्रॉडगेज नेण्याइतका माल किंवा पैसा कुणाकडे नाही. त्यानं बार्शीचा प्रस्ताव मांडला, नोकरी सोडली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन ही गाडी सुरू झाली.

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीनं कुर्डुवाडीला निघालं की दौंड सुटल्यावर मुलूख मोकळा होत जातो. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दिसतं, मग ऊस, केळी आणि अधूनमधून माळ. जमीन जवळपास सपाट. या सपाटीकडे नीट पाहिलं तर कॅल्थ्रॉपचं एक गणित इथेच कळतं. इथे डोंगर फोडायचे नव्हते. खर्च होणार होता तो रूळ, पूल, भराव आणि गाड्या यांवर. मग हा खर्च कमी कसा करायचा?

इतर अनेक ठिकाणी लहान रेल्वे बांधताना मोठ्या रेल्वेचीच लहान आवृत्ती काढत. डबे लहान, इंजिन लहान, माल थोडा. कॅल्थ्रॉपनं प्रश्न उलटा धरला. रुळाला त्रास पूर्ण गाडीच्या वजनाचा होत नाही. एका आसावर किती वजन येतं त्याचा होतो. म्हणून त्यानं एकच मर्यादा ठरवली : कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको. इंजिन असो, मालडबा असो, नियम तोच. आणि त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की मालडब्याचा प्रत्येक आस त्या पाच टनांपर्यंत पुरेपूर वापरला गेला पाहिजे. इंजिनासाठी मजबूत रूळ टाकायचा आणि त्यावरून अर्धे हलके डबे न्यायचे, ही उधळपट्टी त्याला मान्य नव्हती.

या हिशेबातून पुढचं सगळं निघालं. रूळ यार्डाला ३०-३५ पौंडांचा चालला, म्हणजे मीटरला जेमतेम १५ ते १७ किलो. आज ब्रॉडगेजवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, यावरून फरक लक्षात यावा. मालडबा २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, खाली दोन-दोन आसांच्या दोन बोगी, म्हणजे चार आस. चार गुणिले पाच, एकूण वीस टन. डब्याचा सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादाचा केल्यामुळे डब्याचं स्वतःचं वजन कमी राहिलं आणि त्या वीस टनांतला मोठा वाटा मालाला मिळाला. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. त्या अरुंद वाटेवर सात फूट रुंदीचा डबा स्थिर चालवून दाखवणं हे त्या काळी धाडस होतं.

इंजिनंही याच नियमानं बांधली. लीड्सच्या किटसन कंपनीनं बार्शीसाठी पहिली पाच इंजिनं घडवली. त्यांची चाकमांडणी ०-८-४. वाफेच्या इंजिनाचं वर्णन असं तीन आकड्यांत करतात : पुढची मोकळी चाकं, मधली दांड्यांनी जोडलेली जोराची चाकं आणि मागची मोकळी चाकं. इथे पुढे मोकळं चाक नाही, मध्ये आठ जोडलेली, मागे चार. जोडलेल्या चाकांचे चार आस, प्रत्येकी पाच टन, म्हणजे ओढीसाठी रुळावर दाबलेलं वजन वीस टन. कोळसा, पाणी आणि फायरबॉक्स यांचा उरलेला भार मागच्या बोगीवर. जोर लागतो तेवढंच वजन जोराच्या चाकांवर आणि बाकीचं मागे, इतकी ही मांडणी स्वच्छ आहे. ही गाडी हिंदुस्थानात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून अभियंत्यांना चालवून दाखवली गेली. बार्शीच्या वाटेवर धावणारी गाडी त्या अर्थानं एक प्रात्यक्षिक होती.

कुर्डुवाडी स्टेशनात उतरल्यावर आज सगळीकडे ब्रॉडगेज आहे. पण गावाचा बांधा अजून रेल्वेचाच आहे. क्वार्टर्स, कारखाना, रेल्वेच्या जमिनीच्या लांबट पट्ट्या आणि घरटी एखादा तरी रेल्वेतला माणूस. नॅरोगेजच्या गाड्यांची दुरुस्ती इथल्याच कारखान्यात होत असे. गावात चौकशी केली की कुणीतरी एखाद्या निवृत्त फायरमनचं घर दाखवतं. मला भेटले ते काका क्लीनर म्हणून लागले होते. इंजिन पुसायचं, राख काढायची, मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर, अशी ती पायरीपायरीची चढण. मी इंजिनाच्या वेगाचं विचारलं, तर त्यांनी बोलणं पाण्यावर आणलं.

“आगीचं काय, ती शिकवली की येती. थर पातळ ठेवायचा, कोळसा फोडून टाकायचा. नवीन पोरगं फावडी भरभरून टाकायचं, मग काळा धूर आन् स्टीम पडायची. खरी परीक्षा पाण्याची.”

“म्हणजे कशी, काका?”

“चढाला इंजिनाचं तोंड वर आसतंय. बॉयलरमधलं पाणी मागं सरकतं, काचेत भरपूर दिसतं. आन् डोंगराच्या माथ्यावर आलं, तोंड खाली झालं, की तेच पाणी पुढं पळतं. काच रिकामी. फायरबॉक्सच्या डोक्यावर पाणी राहिलं नाही तर लेड प्लग वितळणार. म्हणून माथा यायच्या आधीच मनात हिशेब पाहिजे. चढावर इंजेक्टर जास्त चालवला तर गार पाण्यानं स्टीम खाली येती, नाही चालवला तर माथ्यावर मरण. ह्याच्यामधनं गाडी काढायची.”

काच म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी, इंजेक्टर म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरणारं साधन, आणि लेड प्लग म्हणजे फायरबॉक्सच्या छतात बसवलेली वितळणाऱ्या धातूची गुल्ली. छतावरचं पाणी सरलं की ती वितळते आणि वाफ आगीत शिरून धोक्याची सूचना देते. पुस्तकात हे एका वाक्यात असतं. काकांच्या हाताच्या हालचालींत मात्र घाट दिसत होता : कुठे वाफ बंद करायची, कुठे रुळावर वाळू सोडायची, कुठल्या पुलानंतर पाणी घ्यायचं. रेल्वेच्या इतिहासाचा हा भाग कुठल्याच दप्तरात नाही. तो माणसांबरोबर चालला आहे.

कुर्डुवाडीतच या रेल्वेची मोठी अडचणही समजते. ब्रॉडगेजचा डबा नॅरोगेजवर जाऊ शकत नाही. बार्शीकडून आलेली प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं इथे उतरवून शेजारच्या मोठ्या डब्यात चढवावं लागे. हमालांच्या टोळ्या, त्यांची मजुरी, वाया जाणारा वेळ, पावसात भिजणारा माल. कॅल्थ्रॉपलाही हा दोष ठाऊक होता. पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या रेल्वेसाठी त्यानं अशी वाहक वाघीण वापरली की तिच्यावर मोठ्या रेल्वेचा डबा मालासकट चढवून अरुंद मार्गावरून नेता येई. ती रेल्वे १९०४ साली सुरू झाली. रुंदी बार्शीचीच, अडीच फूट. तिची दोन इंजिनंही किटसनचीच होती आणि इंग्लंडच्या हिरव्या खोऱ्यात ती वसाहतीतल्या थाटाचे भलेमोठे कंदील कपाळावर घेऊन धावली. एरवी इंग्लंडचं तंत्र इकडे येताना आपण वाचतो; इथे बार्शीचा अनुभव तिकडे गेला. बार्शीच्या शाळांतून हे शिकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कुर्डुवाडीहून शेंद्रीमार्गे बार्शी गाठली. ‘बार्शी तिथं सरशी’ म्हणणारं हे गाव भगवंताच्या मंदिरासाठी ओळखलं जातं, आणि एकेकाळी कापसाच्या गिरण्यांसाठी. २००८ च्या सुमारास या बाजूचं ब्रॉडगेज रूपांतर झालं, तेव्हा जुने रूळ निघाले. पण रूळ इतके टिकाऊ असतात की ते सहसा नाहीसे होत नाहीत, त्यांचं काम बदलतं. स्टेशनाच्या आसपास, जुन्या आवारांच्या कुंपणांत, शेडच्या आडव्या तुळयांत जुना रूळ उभा किंवा आडवा दिसतो.

असा एक रूळ कुंपणाच्या खांबात सापडला. त्याच्याकडे कसं पाहावं हे सांगतो, कारण वाचकांपैकी कुणालाही आपल्या गावात हे करता येईल. रुळाचा माथा रुंद, तळ पसरट आणि मध्ये पातळ उभी पट्टी. कारखान्यात रूळ लाटताना या मधल्या पट्टीवर उठावाची अक्षरं येतात : कारखान्याचं नाव, साल, वजनाचा किंवा छेदाचा क्रमांक. चुन्याचे आणि रंगाचे थर हलक्या हातानं खरवडले, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि विजेरी पट्टीला समांतर, अगदी तिरकी धरली. समोरून सपाट वाटणाऱ्या गंजावर सावल्या पडल्या आणि एकेक अक्षर उठून दिसू लागलं. सालाचे शेवटचे आकडे गंजानं खाल्ले होते. आधीचे शाबूत होते. मग टेपनं माथ्याची रुंदी आणि उंची मोजली. या मापांवरून रुळाचं दर यार्डी वजन काढता येतं, आणि वजनावरून त्यावर किती भाराचं इंजिन चालवता आलं असतं हेही. कुंपणातल्या एका खांबावरून पाच टनांच्या नियमाची पडताळणी होते.

इंजिनांच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. इंजिनाच्या अंगावर पितळी किंवा ओतीव पाटी असते. तिच्यावर कारखान्याचं नाव, बांधणीचा क्रमांक आणि साल. हौशी माणूस पाटी वाचून समाधान मानतो. पण मोठ्या दुरुस्तीत कारखान्यात एकाच जातीची अनेक इंजिनं शेजारी उघडलेली असत. एकाचा बॉयलर दुसऱ्यावर जाई, जोडदांडे बदलले जात. म्हणून जोडदांड्यांच्या टोकांवर, आसांवर, व्हॉल्व्हच्या सांध्यांवर ठोकलेले बारीक क्रमांक पाहायचे. पाटी एक क्रमांक सांगते आणि दांड्यांवर दोन वेगळे क्रमांक निघतात, असं वारंवार आढळतं. मग प्रश्न पडतो की हे इंजिन नेमकं कुठलं? माझं उत्तर असं की जे सापडलं ते सगळं लिहून ठेवावं, एकाला खरं ठरवण्याची घाई करू नये. ते मिश्र क्रमांक म्हणजे त्या कारखान्यातल्या फिटरांच्या कामाची नोंद आहे.

बार्शीपासून लातूरकडे जुनी वाट बालाघाट चढायची. आजची ब्रॉडगेज पांगरीनंतर धाराशिवकडे वळून येडशीला येते. नॅरोगेज धाराशिव शहराला बगल देऊन रामलिंगच्या डोंगरातून सरळ येडशीला जात असे. त्यामुळे पांगरी-येडशी हा टप्पा जुना मार्ग वाचायला उत्तम. नव्या रुळांखाली तो दबला गेलेला नाही. जाण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा पाहावा, गावनकाशात रेल्वेच्या जमिनीची लांबट पट्टी शोधावी आणि मग पायी निघावं.

गाडीवाट आणि रेल्वेची वाट यांतला फरक पायांना लवकर कळतो. बैलगाडीची वाट झाडाला, विहिरीला, बांधाला वळसा घालते. चढ आला तर चढते. रेल्वे तसं करू शकत नाही. तिचं वळण एकाच त्रिज्येचं, लांबपर्यंत सारखं. जमीन खाली गेली तर ती भरावावरून जाते, वर आली तर खोदून. शेतात कुठेतरी उगाचच उंच वाटणारा बांध दिसला, तो पुढे ओढ्यापाशी तुटला, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर घडीव दगडाचे ओटे दिसले, की ओळख पटते. ओट्यांमधल्या अंतरावरून वरच्या गर्डरची लांबी कळते. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी भराव फोडून माती शेतात पसरली आहे, काही ठिकाणी त्यावरूनच वस्तीचा रस्ता गेला आहे. रामलिंगच्या हिरव्या घळीत उभं राहिल्यावर कुर्डुवाडीच्या काकांचं पाण्याचं बोलणं आठवतं. चढ संपून माथा येतो ती जागा उघड दिसते. फायरमनचा जीव ज्या क्षणी काचेत अडकायचा तो क्षण इथला.

मार्ग १९११ साली लातूरला पोचला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. बार्शी मुंबई इलाख्यात होती आणि लातूर निजामाच्या राज्यात. एक लहान रेल्वे दोन राजवटींची सीमा ओलांडून मराठवाड्याचा माल थेट मुंबईच्या वाटेला लावत होती. लातूरची पेठ पुढे वाढली त्यात या रुळांचा वाटा मोठा आहे.

दुसरी शाखा पंढरपूरची, १९०६ सालची. कॅल्थ्रॉपच्या हिशेबात कापूस आणि धान्य होतं तसेच वारकरीही होते. आषाढी-कार्तिकीला नेहमीचे प्रवासी डबे पुरत नसत; मालडबेही माणसांनी भरून सोडावे लागत. एकाच मापाच्या सांगाड्यावर वेगवेगळे डबे बांधण्याच्या त्याच्या पद्धतीचा उपयोग इथे दिसतो. वर्षभर सरकी आणि ज्वारी वाहणारा डबा चार दिवस दिंडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विठोबाच्या दारी नेऊन सोडी. पंढरपुरात जुन्या माणसांशी बोलताना जाणवतं की त्यांच्या आठवणीतली गाडी गर्दीची आहे, टपावर बसलेल्यांची आहे, इंजिनाच्या ठिणग्यांनी धोतराला पडलेल्या भोकांची आहे. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग २००१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला आणि वारीच्या गाड्या दूरदूरहून थेट येऊ लागल्या. बदल व्हायलाच हवा होता. माल उतरवा-चढवायचा जाच ज्यांनी सोसला त्यांना नॅरोगेजचं कौतुक सांगत बसणं योग्य नाही.

पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ करत मार्ग मिरजेला पोचला तो १९२७ साली. सगळा मिळून पसारा सुमारे ३२५ किलोमीटरचा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅल्थ्रॉप वारला. आयुष्याच्या उत्तरार्धात या माणसानं हवाई छत्री तयार केली होती. ‘गार्डियन एंजल’ नावाची ती छत्री पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी वापरली गेली. त्याला अरबी घोड्यांचाही नाद होता आणि घोड्यांवर त्यानं पुस्तक लिहिलं. रूळ, छत्री, घोडा. तिन्हींत वजन, तोल आणि भार सोसणाऱ्याची काळजी हाच विषय मला दिसतो. १९५४ साली सरकारनं कंपनी घेतली आणि बार्शी लाइट मध्य रेल्वेत आली. मिरजेत काही काळ ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही रुंदींचे रूळ एकाच स्टेशनात होते. आज सगळं एकाच रुंदीचं आहे आणि मिरज-पंढरपूर मार्गही २०११ च्या सुमारास रूपांतरित झाला.

शेवटचा टप्पा नेरळ, कारण कॅल्थ्रॉपच्या हातचं वाफेचं इंजिन महाराष्ट्रात जवळून पाहायचं तर तिथे. माथेरानची रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधली. रुंदी दोन फूट, चढ विसात एक, आणि वळणं इतकी आवळ की गाडीचं शेपूट खिडकीतून दिसतं. या वळणांसाठी कॅल्थ्रॉपच्या आराखड्यानुसार जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं चार इंजिनं बांधली. त्यांतलं एक नेरळला आहे, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, एक सातासमुद्रापार इंग्लंडात.

नेरळच्या इंजिनाशेजारी उकिडवं बसून चाकांकडे पाहावं. सहा चाकं, सगळी दांड्यांनी जोडलेली. तीन आस एका ताठ चौकटीत असतील तर आवळ वळणावर चाकं रुळात अडकणार, आणि चाकं वळवावी तर दांडे त्यांना सरळच धरून ठेवणार. यावरची युक्ती क्लीन-लिंडनर नावाच्या रचनेची. पहिला आणि शेवटचा आस दुहेरी आहे. आतला आस चौकटीत सरळ फिरतो आणि दांड्यांचा जोर घेतो. त्याच्याभोवती पोकळ नळी, चाकं त्या नळीवर बसवलेली. आत मधोमध गोलाकार सांधा. मनगटावरची सैल बांगडी हात न वळवता कलते, तशी ही नळी वळणावर थोडी कलते, थोडी सरकते, आणि आतला आस मात्र जागचा हलत नाही. बाहेरून हे काहीच दिसत नाही. दिसतो तो चौकटीबाहेरचा दांडा आणि त्याआड लपलेलं चाक. म्हणूनच संग्रहालयातल्या आणि स्टेशनाबाहेरच्या इंजिनांजवळ नुसतं नाव आणि साल लिहिलेली पाटी पुरेशी नाही. आत काय आहे याचं एक चित्र आणि चार ओळींचं मराठी स्पष्टीकरण तिथे असलं, तर सेल्फी काढायला थांबलेली मुलं वाकून चाकांकडे पाहतील.

लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९३४ साली बंद पडली. तीस वर्षंच चालली. पण तिच्या मार्गावर लवकरच पायवाट झाली आणि आजही लोक त्या खोऱ्यातून चालतात, सायकली चालवतात. चालणाऱ्याच्या पायाखाली इतिहास राहिला. बार्शी लाइट शंभरहून अधिक वर्षं चालली, तिनं दोन राजवटी जोडल्या, लाखो वारकरी वाहिले, आणि तिच्या मार्गाचा उरलेला तुकडा मातीत चालला आहे. रामलिंग-येडशीचा जुना घाट चालण्यासाठी जपता येईल. तिथे वन आहे, मंदिर आहे, पूल-मोऱ्यांचे अवशेष आहेत, माणसांची ये-जा आहे. लागतो तो फक्त ठराव, थोडी दुरुस्ती आणि दिशा दाखवणारे फलक.

त्याहून तातडीचं काम माणसांचं आहे. वाफेच्या इंजिनावर काम केलेली पिढी आता उताराला लागली आहे. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज इथल्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना दोन प्रश्न देऊन या घरांत पाठवावं : तुमचं काम काय होतं, आणि ते हातानं करून दाखवाल का? बोलणं ध्वनिमुद्रित करावं, हातांची चित्रफीत घ्यावी, हत्यारांची नावं जशी उच्चारली तशी लिहावी, गावाचं नाव आणि तारीख टाकावी. घरात जुनं वेळापत्रक, पगाराची चिठ्ठी, पितळी बिल्ला, शेडमधला फोटो निघाला तर मूळ वस्तू त्यांच्याकडेच राहू द्यावी, नक्कल घ्यावी. इतिहासाच्या पदवीला बसलेल्या मुलांसाठी यापेक्षा चांगला प्रकल्प मला सुचत नाही, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी तर पाच टनांच्या आसाचा हिशेब हा पहिल्याच वर्षाचा धडा व्हावा.

कमी पैशात, हलक्या रुळावर, पेठेच्या दारापर्यंत जास्तीत जास्त माल कसा न्यावा, हा प्रश्न १८९७ साली बार्शीत सोडवला गेला. तो सोडवणाऱ्यांत लंडनचा भांडवलदार होता, लीड्सचा लोहार होता, कॅल्थ्रॉप होता, तसेच कुर्डुवाडीचे फिटर, फायरमन, गँगमन आणि हमालही होते. पहिल्या तिघांची नोंद विलायतेत व्यवस्थित ठेवलेली आहे. उरलेल्यांची नोंद ठेवणं हे आपलं काम आहे, आणि ते करायला अजून वेळ आहे.